साडूंची फुकटची बोट

रविवार, दिनांक १६ नोव्हेंबर १९९७. स्थळ, जे. पी. नगरमधल्या आमच्या घराचा हॉल. हजर माणसं चार: माझी पत्नी, तिची थोरली बहीण म्हणजे आमच्या अक्का, अक्कांचे यजमान म्हणजे माझे साडू, आणि मी. रक्कम शून्य. सिंगापूरहून सुटणाऱ्या एका प्रचंड बोटीवर दोघांनी तीन रात्री राहून, खाऊन-पिऊन, वर दोन टोप्या आणि एक छत्री घेऊन परत येण्याचा एकूण खर्च साडूंनी आमच्या सोफ्यावर बसून असा जाहीर केला. तो सोफा मी पूर्ण पैसे देऊन घेतलेला आहे.

"शून्य, साडूबुवा! खोली बिट्टी, जेवण बिट्टी, रात्री बाराला उठून पुन्हा जेवा, तेही बिट्टी."

बिट्टी म्हणजे फुकट. आमची मराठी घरं इथे इतक्या पिढ्या कन्नडच्या शेजारात राहिली की बरेच शब्द आपसूक आत आले, पण साडूंइतक्या प्रेमाने एखादा शब्द कोणी घरात घेतला नसेल. संबंध बंगळुरात त्यांच्याइतक्या गोष्टी फुकट मिळालेला माणूस दुसरा नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे. आणि माझ्याइतक्या गोष्टींचे पूर्ण पैसे मोजलेलाही दुसरा नसावा. दुर्दैव एवढंच की आम्ही दोघं एकाच घरचे जावई आहोत, त्यामुळे ही तुलना मला एकट्याला करावी लागत नाही. ती आमच्या स्वयंपाकघरात रोज होते.

साडूंचं विजेच्या तारांचं दुकान आहे आणि घर मल्लेश्वरमला. त्या घरात शिरलं की एखाद्या प्रदर्शनात आल्यासारखं वाटतं. चहा येतो तो पाण्याच्या पंपाचं नाव छापलेल्या ट्रेमधून, वेळ कळते ती तारांच्या कंपनीने दिलेल्या घड्याळावर, आणि हात पुसायला मिळतो त्या टॉवेलवर एका रंगाच्या कंपनीचं इंद्रधनुष्य असतं. छत्री बँकेची, बॅग ट्यूबलाइटची. हे सगळं मिळवण्यासाठी ते कोणापुढे हात पसरतात असं मात्र नाही. लोक आपण होऊन देतात, आणि मला नेमकं हेच सहन होत नाही. दर्शिनी हॉटेलात आम्ही शेजारी शेजारी उभे राहून इडली खातो. मी "स्वल्प सांबार" म्हणालो की काउंटरवरचा माणूस माझ्याकडे न बघता सांगतो, "एक्स्ट्रा आगुत्ते, सार," म्हणजे जादा पैसे पडतील. साडू काही म्हणतच नाहीत. ते फक्त रिकाम्या वाटीकडे असं बघतात की जणू तिची प्रकृती बरी नाही, आणि तोच माणूस पळत येऊन वाटी भरतो, वर चटणी घालतो, आणि मुलाच्या कॉलेजचं त्यांना विचारतो. मला जो रिक्षावाला मीटरच्या दीडपट सांगतो, तो साडूंना मीटरने नेतो आणि उतरताना त्यांची पिशवी दारापर्यंत आणून देतो. मी एकदा न राहवून विचारलं, "अण्णा, तुम्ही ह्यांना करता तरी काय?" ते म्हणाले, "काही नाही हो. पैसे दिले की वस्तू मिळते. फुकट मिळालं की वाटतं, कोणीतरी आपल्याला बोलावलंय." एवढं बोलून त्यांनी माझ्या पानातला वडा उचलला.

दुसरी सवय रुमालाची. बस थांब्यावर आली की साडू खिडकीतून आत रुमाल टाकतात आणि मग शांतपणे मागून चढतात. गर्दी कितीही असो, त्या रुमालावर कोणी बसत नाही. एकदा मीही टाकून बघितला. जागा गेली ती गेलीच, रुमालही गेला.

आता बोटीची भानगड. तारांच्या कंपनीने जास्त माल खपवणाऱ्या दुकानदारांना एका वर्षी सिंगापूरची बोट दाखवली, त्यात साडू आणि अक्का होते. त्या बोटीवर जुगाराचा मोठा हॉल होता. तिथे साडूंना एक कार्ड मिळालं, अर्थातच फुकट. यंत्रात कार्ड खुपसायचं, नाणी टाकत खेळायचं, आणि खेळाल तसे त्या कार्डावर पॉइंट चढत जायचे. पुरेसे पॉइंट झाले की पुढच्या खेपेची खोली बोटीतर्फे. दुसऱ्या वर्षी तशी खोली मिळाली, आणि तिची हकीकत सांगायला ते त्या रविवारी आमच्याकडे आले होते. हकीकत संपवताना त्यांनी खिशातून एक पाकीट काढलं. "या खेपेला कार्डावर दोन खोल्या आल्यात. जानेवारीत. एक तुमची."

माझ्या पत्नीने माझ्याकडे बघितलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. ती समुद्राविषयी बोलायची तेव्हा मी घराच्या हप्त्यांविषयी बोलायचो, आणि आता हप्ते संपून आठ महिने झाले होते.

"भावोजी, आम्ही येतो," ती म्हणाली. मग मला म्हणाली, "तुम्हाला कधी काही फुकट मिळालंय का आयुष्यात?"

"मिळालंय. तुझ्या वडिलांचा सल्ला."

"मग तोही वाया घालवलात."

मी गेलो, पण समुद्रासाठी नव्हे. मला गळती शोधायची होती. शून्य खर्चात कोणतीही बोट पाण्यावर चालत नाही. पैसे कुठून तरी झिरपत असणार, ती जागा मला माझ्या पत्नीला बोट ठेवून दाखवायची होती. एकदा दाखवली की बावीस वर्षांची तुलना बंद. सुरुवात तर उत्तम झाली. दोन पासपोर्ट, व्हिसा, मद्रासपर्यंत रेल्वे, तिथून विमान, बँकेतून घेतलेले डॉलर, बंदराचा कर, बोटीवरच्या नोकरांची सक्तीची बक्षिशी, आणि हिचे पांढरे कॅनव्हासचे बूट. बोटीवर पाय ठेवला तेव्हा आमच्या फुकट सहलीचे अडतीस हजार सहाशे रुपये झाले होते. साडूंना सांगितलं तर म्हणाले, "ते बोटीच्या बाहेरचे. बाहेरचे धरायचे नाहीत." त्यांची विमानाची तिकिटं तारांच्या कंपनीच्या कुठल्याशा योजनेत आली होती, हे त्यांनी वर सांगितलं. ती रात्र मी फार वाईट काढली.

खोलीला खिडकी नव्हती. फुकटच्या खोल्या बोटीच्या पोटात असतात; दिवा मालवला की सकाळ आहे का मध्यरात्र, कळत नाही. खिडकीच्या जागी कोळ्याच्या होडीचं चित्र लावलं होतं. बायकांनी ते बघितलं आणि दोघी वर डेकवर गेल्या. साडू थर्मास घेऊन जुगाराच्या हॉलकडे निघाले, कारण तिथे कॉफी आणि सँडविच सारखं फिरत असायचं. मी त्यांच्या मागोमाग.

साडू कोपऱ्यातल्या एका यंत्रासमोर बसत. कार्डाला टेलिफोनसारखी पिळाची दोरी होती, तिचं दुसरं टोक त्यांच्या शर्टाच्या बटणाला अडकवलेलं. खुंटीला बांधल्यासारखे ते तिथे बसून प्लास्टिकच्या पेल्यातलं एकेक नाणं आत टाकत. उठायची वेळ आली तर खुर्चीवर रुमाल टाकून जात, आणि सांगायला वाईट वाटतं, पण सिंगापुरातही त्या रुमालावर कोणी बसलं नाही. हॉलमधली काळा कोट घातलेली बाई त्यांना नावाने हाक मारून कॉफी विचारायची. मी शेजारी उभा असायचो. मला तिने फक्त एकदा विचारलं, आपण खेळत नसाल तर जरा बाजूला उभे राहाल का.

दोन दिवस मी त्यांचं टाकलेलं आणि यंत्राने परत दिलेलं मनात धरत गेलो. शेवटच्या संध्याकाळी हिशेब लागला. साडू जे हरले होते ते, आणि दारातल्या फलकावर लिहिलेला बिनखिडकीच्या खोलीचा दर, यांत फार तर दोन जेवणांचा फरक होता. सापडली गळती! ते खोलीचे पूर्ण पैसेच देत होते, फक्त नाण्या-नाण्याने आणि मधे सँडविच खात. मला इतका आनंद झाला की मी लिफ्टची वाट न बघता जिन्याने वर गेलो. वाक्यसुद्धा तयार होतं.

डेकवर अक्का आणि माझी पत्नी कठड्याशी खुर्च्या टाकून बसल्या होत्या. ऊन उतरत होतं. अक्कांच्या बाजूला एक रिकामी खुर्ची होती आणि तिच्यावर रुमाल होता, चपलेखाली दाबलेला, उडू नये म्हणून.

"अण्णांची जागा?" मी विचारलं.

"हो ना," अक्का म्हणाल्या. "ही तिसरी खेप. दर वेळी धरून ठेवते. 'बस, दहा मिनिटांत आलो' म्हणतात. समुद्र त्यांनी अजून बघितलाच नाही. बंदरात बघितला तेवढा." त्या हसल्या. तक्रारीचा सूर नव्हता. रोजच्या दुधवाल्याविषयी बोलावं तसं बोलल्या.

पत्नीने मला विचारलं, "इतके पळत आलात ते? काय झालं?"

माझं वाक्य जिभेवर होतं. अक्का त्या रुमालाची घडी सारखी करत होत्या. मी म्हणालो, "काही नाही. हवा खायला आलो होतो," आणि पुन्हा खाली गेलो.

"अण्णा, वर जा. अक्का वाट बघतायत."

"दहा मिनिटं."

"तुम्ही तीन वर्षं दहाच मिनिटं म्हणताय म्हणे."

त्यांनी नाणं टाकलं, आणि यंत्राकडे बघतच म्हणाले, "समजून घ्या हो. सकाळी बंदर लागलं की हे बंद. अजून थोडे पॉइंट कमी आहेत. ते झाले की पुढच्या खेपेला खिडकीची खोली मिळते. ही पहिल्या वेळी ते चित्र बघून म्हणाली होती, होडी नको, खरं पाणी दिसलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून बसलोय."

"खिडकीची खोली पैसे देऊन मिळते की."

"पैसे देऊन?" मी त्यांना एखादा रोग सांगितला असावा तसे ते दचकले.

मी काय करतोय हे कळायच्या आत मी त्यांच्या बटणाची दोरी सोडवली आणि माझ्या बटणाला अडकवली. "कार्डाला माणूस कळत नाही. उठा. मी बसतो."

"तुम्ही? तुम्हाला जमेल?"

"बावीस वर्षं सगळ्याचे पैसे देतोय. नाणी टाकायला जमेल."

"सरी, बरं तर," साडू म्हणाले, आणि थर्मास माझ्या हवाली करून ते निघाले. दारापर्यंत हळू गेले, मग चक्क पळाले.

त्यांच्या पेल्यातली नाणी लवकर संपली. उठलो असतो तर कोणी काही म्हणालं नसतं. पण अडीअडचणीसाठी ठेवलेले माझे साठ डॉलर पाकिटात होते, आणि मी ते मोडले. एकदा यंत्र खणखणून पेलाभर नाणी ओकलं. काळा कोट घातलेली बाई लगबगीने आली आणि मला साडूंच्या नावाने हाक मारून तिने अभिनंदन केलं. तेवढा क्षणभर मी आमचा साडू होतो. मला कोणी कॉफी विचारत होतं. कसं वाटतं ते कळलं. मग ती नाणीही आत गेली, पाठोपाठ उरलेलीही, आणि पॉइंट पुरे झाले. साठ डॉलर माझे, पॉइंट साडूंचे. या माणसाला गोष्टी मिळतात त्या अशा.

वर पोचलो तेव्हा अंधार पडला होता. तिघं जण माझ्याच दिशेने येत होते. साडूंचे केस वाऱ्याने उभे राहिले होते. "साडूबुवा, केवढा आहे हो तो!" एवढंच ते दोनदा म्हणाले.

उन्हाळ्यात साडूंच्या घरी नवं पाकीट आलं: खिडकीची खोली, दोन माणसं. ते घेऊन साडू मल्लेश्वरमहून थेट आमच्याकडे आले आणि त्यांनी ते माझ्यापुढे ठेवलं. "हे तुमचं. पॉइंट तुम्ही मिळवलेत." आयुष्यात प्रथमच कोणीतरी मला बोलावलं होतं. मी विमानाचे दर मागवले, दोन प्रवासी कंपन्यांचे ताडून बघितले, दिवाळीनंतर भाडं उतरतं म्हणून थांबलो. तोवर पाकिटावरची मुदत संपली. पत्नीने ते उचलून रद्दीत ठेवलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

आमच्या हॉलमध्ये एक फोटो आहे. त्या संध्याकाळी बोटीवरच्या फोटोग्राफरने काढलेला. मधे साडू, वाऱ्याने शर्ट फुगलेला, एका बाजूला अक्का, दुसऱ्या बाजूला माझी पत्नी. ती इतकी हसते आहे की तिचे डोळे मिटले आहेत. तिला तशी हसताना मी बघितलेली नाही, कारण तेव्हा मी खाली होतो. तिच्या पलीकडे एक रिकामी खुर्ची आहे, आणि खुर्चीवर तिचा निळ्या काठाचा रुमाल, पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटाखाली दाबलेला.

फोटोची एक प्रत बारा डॉलरला होती. दोन घेतल्या, एक त्यांची आणि एक आमची. चोवीस डॉलर साडूंनी आपल्या खिशातून, रोख, त्या फोटोग्राफरला दिले, आणि माझे बारा मी तीनदा देऊ केले तरी घेतले नाहीत. डेकवरच्या खुर्च्या फुकट होत्या.