धुण्याच्या दगडातला उजेड

साखराबाई बादली घेऊन मोरीत आली, तर धुण्याचा दगड जागेवर नव्हता. ओली खाच तेवढी उरली होती, आणि तिच्यात गांडुळं वळवळत होती.

दगड अंगणात होता. त्यावर घोंगडी पसरलेली, आणि घोंगडीतून नवऱ्याचे, रामलिंगचे, दोन पाय बाहेर आलेले.

"अवो, ह्ये काय करायलाव?"

"कड उचलू नको. उजेड आत येऊन राहिला!"

भोकरच्या बाजूला, गावाच्या माळावर जुन्या खाणीतल्या दगडांचा ढीग होता. सासऱ्यांच्या उमेदीत कुणीतरी ती खाण खोदली, परवडेना म्हणून सोडली. टाकून दिलेल्या दगडांचे गावात उंबरे झाले, पायऱ्या झाल्या. आता एक कंपनी तोच ढीग पुन्हा चाळायला आली होती, माळावर नवी भोकंही पाडत होती. बल्बातल्या तारेचा धातू, टंगस्टन, हवा होता त्यांना. रामलिंग तिथं दगड फोडायला जायचा. जांभळा दिवा अंधारात धरला की ज्यात माल आहे तो दगड निळसर चमकतो, हे त्यानं पाहिलं. नुसतं चमकून भागत नाही, तपासणीत कळतं, असंही साहेब म्हणाले होते. रामलिंगनं त्यातलं चमकणं तेवढं घरी आणलं, आणि नांदेडहून नोटा तपासायची जांभळी बॅटरी.

तेव्हापासून त्याचं बूड टेकलं नव्हतं. जेवता जेवता उठायचा, घोंगडी घेऊन उंबऱ्यावर पालथा पडायचा, मग गोठ्यात. पपईची बाग लावली तेव्हा असंच, कोंबड्या पाळल्या तेव्हा असंच. तो घरात येरझारा घालायचा आणि बसल्या जागी धाप साखराबाईला लागायची.

पण हा दगड तिचा होता. हदगावहून लग्न होऊन आली तेव्हा मोरीत नुसती माती होती. "सूनबाईला धुवायला जागा न्हाई," म्हणून सासऱ्यांनी तो माळावरच्या ढिगातून बैलगाडीत घालून आणला आणि बसवला. या घरात तिच्यासाठी म्हणून आलेली ती एकच वस्तू. बाकी सगळं सासूचं, आधीचं. पोरांची दुपटी, सासऱ्यांचं शेवटचं अंथरूण तिनं त्यावरच धुतलं. घरात कुणाला बोलता आलं नाही ते त्यावरच आपटलं.

रामलिंग घामानं निथळत बाहेर आला. "सगळा निळा पेटलाय, साखरे! ढिगातलाबी येवढा चमकत न्हाई." त्यानं बॅटरी खाली ठेवली आणि घण उचलला.

"माझ्या दगडाला हात लावायचा न्हाई."

"दुसरा आणतो की. फरशीवाला, गुळगुळीत!"

"मला ह्योच पायजे. अवो, ऐका..."

घाव बसलाच. कोपऱ्याचा टवका उडून तिच्या पायाशी पडला.

साखराबाईनं बॅटरी उचलली, टवका उचलला आणि स्वतःच घोंगडीत शिरली. वरची बाजू निळी लखलखत होती. तिनं टवका उलटा केला. फुटलेली बाजू काळी ठिक्कर. पुन्हा सुलटा केला. मग उजेड तिच्या पदराच्या काठावर पडला, तोही निळा. बोटांवर पडला. नखांच्या कडाही.

"आत या," ती म्हणाली.

"आँ?"

"या म्हणते ना!"

दोन डोकी घोंगडीत मावेनात. तिनं बॅटरी त्याच्या छातीवर धरली. बनियन ट्यूबलाइटसारखी पेटली.

"बनियनमधीबी खाण हाय का?"

रामलिंगनं बनियन चिमटीत धरून उजेडाकडं ओढली.

"धुण्याची पावडर हाय ही. रोज ह्याच दगडावर पडती. ह्ये माझे हात बघा, चमकायलेत. फोडा मग. घाला घण."

 घोंगडीत दोघांचा श्वास कोंदला. "आत खोल असंल थोडं," तो पुटपुटला. पण ते त्यालाही ऐकू गेलं नाही.

दोघांनी मिळून दगड लोटत नेला, फुटका कोपरा भिंतीकडं करून खाचेत बसवला. साखराबाईनं त्यावर पाणी ओतलं, नवऱ्याची बनियन काढून घेतली आणि दाणदाण आपटायला लागली.

रामलिंग उघडाच दारात उभा होता. एकदा आत बघायचा, एकदा बाहेर. शेजारच्या मलप्पाची पायरी त्याच ढिगातली होती.

"मलप्पाच्या पायरीवर कोण धुणं धुत न्हाई," तो म्हणाला, आणि घोंगडी पुन्हा खांद्यावर गेली.