फ्रेमची मागची फळी
सरसाचा वास आला की बहरीनच्या मीना सलमान बंदरातलं माझं फ्रेमचं वर्कशॉप आठवतं. एकदा एक बहरीनी चित्रकार बाई तिथे चित्र घेऊन आली. तिची पणजी आफ्रिकेतली, रोज स्वप्नात यायची आणि ही तिला रंगवायची. काळीभोर म्हातारी, कपाळावर पांढरे ठिपके, मांडीवर ढोल. मी मागची फळी ठोकायला घेतली तशी बाई ओरडली, "मागे मफी! काही नको! बंद केलंस तर पणजी येणार कुठून?" मी हसलो, "अहो, आत धूळ जाईल." डबा घेऊन आलेली माझी बायको फणकारली, "श्राद्धाला कावळ्याला पान ठेवता, तेव्हा दार लावून घेता का? राहू द्या उघडं!" राहू दिलं. आता भिंतीवर बायकोचा फोटो आहे, फ्रेम मीच केलीय. मुलगा म्हणतो, "बाबा, बॅक बोर्ड राहिला." राहिला नाही, मी लावलाच नाही. धूळ येते, येऊ दे. तीही येते.