गाद्या ठोकलेली खोली

मामाच्या रेकॉर्ड कंपनीत कंपनी म्हणावं असं काही नव्हतं. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या. एकीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, तिथे गाणी रेकॉर्ड व्हायची. दुसरीत मामी पाकिटं चिकटवायची. दुकानोदुकानी माल पोचवायचा मी, भाचा म्हणजे हक्काचा हमाल.

मोठ्या कंपन्यांनी दारातूनच कटवलेले गाणारे-वाजवणारे मामाकडे यायचे. गिरणीतले, गॅरेजमधले, एक तर न्हावी होता. मामा त्यांना माईकपुढे उभं करायचा आणि स्वतः बटणांपुढे बसायचा. त्या खुर्चीत दुसऱ्या कुणी बसायचं नाही, हा घरचा कायदा. आमच्या रेकॉर्डींचा आवाज धारदार असायचा, वर्षागणिक आणखी धारदार होत गेला. तरुण पोरं त्यावर जीव टाकायची, आणि आम्ही ती मामाची शैली म्हणून मिरवायचो.

फक्त स्वतःच्या मुलीची रेकॉर्ड त्याने काढली नाही. ताईचा आवाज बारीक, मऊ. दर वर्षी तो तिला गायला लावायचा आणि मान हलवायचा.

"लहानपणी गोड गायचीस. आता आवाजात काही उरलं नाही, पोरी. मी खोटं बोलणार नाही."

असला खरेपणा चुलीत घालावा, असं मला तेव्हाही वाटायचं. ताई मुकाट्याने कोरसमध्ये जाऊन उभी राहायची. तिशी उलटली तरी तिला एकच रेकॉर्ड हवी होती, बापाने काढलेली.

एका दुपारी मामी बाजारातून आली. गॅसवर शिट्टीची किटली किंचाळत होती, आतलं पाणी आटत आलेलं. मामा शेजारीच टेप जोडत बसला होता.

"अहो, शिट्टी ऐकू आली नाही तुम्हाला?"

"कसली शिट्टी?"

मामीने गॅस बंद केला. "पोरीच्या आवाजाला काही झालेलं नाही हो. तुमचे कान गेलेत."

वरच्या पट्टीतले बारीक सूर ऐकू येईनात म्हणून तो त्यांचं बटण वाढवत गेला होता. एवढीच आमची शैली. मामा चिडला नाही. हातातली टेप त्याने खाली ठेवली. "माझ्याच पोरीला मी नाही म्हटलं," तो म्हणाला, "आणि अशा किती जणींना, कोण जाणे."

दुसऱ्या दिवशी त्याने ताईला माईकपुढे उभं केलं आणि खुर्चीत मामीला बसवलं. "तुझ्या कानाला बरं वाटेल तिथे बटण थांबव," एवढंच तिला सांगितलं. स्वतः समोर स्टूल घेऊन ताईच्या ओठांकडे बघत बसला.

गाणं संपलं. ताई सवयीने त्याच्या मानेकडे बघत उभी राहिली. मामाने मामीकडे पाहिलं, तर तिला रडू आवरेना.

"तूच सांग, बाळा," मामा ताईला म्हणाला. "चांगलं झालं का?"

"चांगलं झालं, बाबा," ती म्हणाली. मग त्याला ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा म्हणाली, मोठ्याने.