तिसरा प्लग

दुष्काळात माझं गॅरेज जोरात चाललं, हे सांगताना आजही जीभ अडखळते. सिरसाळ्याच्या अलीकडं फाट्यावर माझं पत्र्याचं शेड होतं. शिवारात चिटपाखरू दिसायचं नाही, पण पाण्याचे टँकर सारखे पळायचे. त्या रस्त्यांवर त्यांचे स्प्रिंगचे पाटे तुटायचे, क्लच जळायचे. लोकांच्या घशाला कोरड आणि माझ्या हाताला उसंत नाही. मी मुळात तापट, त्यात कामाचा असा रेटा. गिऱ्हाइकाचं बोलणं पुरं व्हायच्या आत माझा पाना त्याच्या गाडीत गेलेला असायचा.

दसरा होऊन दहा-बारा दिवस झाले असतील. शुक्रवार होता. आमच्या भागातल्या एका दूध संघाचा ड्रायव्हर संघाची गाडी ट्रॅक्टरला दोरानं बांधून घेऊन आला. पन्नाशी ओलांडलेला माणूस. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही म्हणायचो. गाडी जुनी, पेट्रोलवरची. कधीकाळी चेअरमन तिच्यातून गावोगावची संकलन केंद्रं बघत फिरायचे. मग पाऊस गेला, चारा गेला, जनावरं छावणीत गेली, दूध आटलं, आणि गाडी संघाच्या गोदामामागं उभी राहिली ती राहिलीच. मामा रोज तिच्यावरचं गोणपाट काढून झटकायचे आणि पुन्हा पांघरायचे. मामांना गाडी झाकायचा पगार आहे, असं संघातले लोक हसून म्हणायचे.

आता संघाला जाग आली होती. सोमवारपासून जनावरांच्या डॉक्टरांना छावण्यांवर फिरवायला गाडी हवी होती. मॅनेजरनं मामांना तोंडावर सांगितलं होतं, गाडी चालू झाली तर तिच्यावर तुम्हीच, नाही झाली तर गाडी भंगारात आणि तुमचं नाव कमी.

"सोमवारपस्तोर टाइम हाय मिस्तरी," मामा म्हणाले. "घाई नगं. पर हिला उठवा. न्हाईतर ह्या वयात कोयता घ्यावा लागतोय मला."

कोयता म्हणजे ऊसतोडीला जाणं. आमच्याकडं तोडीला निघालेल्या नवराबायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. मामांच्या बायकोचे गुडघे गेले होते, ते मला ठाऊक होतं. आणि मामांनी उभ्या जन्मात स्टिअरिंगशिवाय दुसरं काही धरलं नव्हतं.

मी बॉनेट उघडलं. बॅटरी मेलेली, वायरी उंदरांनी कुरतडलेल्या, पण ते किरकोळ. इंजिनाच्या चार स्पार्क प्लगांपैकी पहिला, दुसरा आणि चौथा कुरकुरत का होईना, निघाले. तिसरा हलेना. वाकून बघितलं तर प्लग ज्या खड्ड्यात बसतो तिथं काळपट, चिकट थर जमला होता आणि त्यात हळदीचा पिवळेपणा. तारेनं खरवडलं तर खोबऱ्याचा एक तुकडा वर आला.

"हे काय हो मामा?"

मामा लाजल्यासारखे हसले. खंडेनवमीला सगळी दुनिया गाडीपुढं, चाकाशी नारळ फोडते. मामा बॉनेट उघडून इंजिनावर फोडायचे.

"चाकाला कावून पानी दाखवायचं? चाक कुठं फिरतंय? जीव तर हितं हाय," ते म्हणाले. "तीन दसरे झाले. घरात प्यायला पानी नव्हतं तवाबी हिचा नारळ चुकू दिला न्हाई."

तीन नारळांचं पाणी त्या खड्ड्यात मुरलं होतं, वरून दोन-तीन उन्हाळे गेले होते. आटे एकमेकांत गंजून घट्ट धरले होते. मला हसू आलं. "मामा, देवाला पावलं पण प्लगाला भोवलं," मी म्हणालो. मामा काही हसले नाहीत.

अशा प्लगाचं औषध मला माहीत होतं. परळीत ज्या उस्तादांच्या हाताखाली मी शिकलो ते म्हणायचे, "जंग से जबरदस्ती नक्को, उसकू वखत दे." खड्डा साफ करायचा, रॉकेल आणि ऑइल ओतून ठेवायचं, चांगलं दोन दिवस मुरू द्यायचं. मग पाना लावून आधी जरासा आवळायचा, मग जरासा सैल करायचा, पुन्हा रॉकेल. शनिवार होता, रविवार होता. वेळच वेळ होता.

रॉकेल ओतून अर्धा तास झाला नसेल, तोवर एक टँकरवाला आला. त्याचा क्लच बसला होता, भरलेला टँकर रस्त्यात उभा होता आणि गावात बाया घागरी मांडून बसल्या होत्या.

"काय करतो बे त्या खटाऱ्यात? सोड ते," तो म्हणाला.

माझं डोकं सटकलं. राग टँकरवाल्याचा, निघाला प्लगावर. हे एकदाचं संपवतो आणि मग तुझ्याकडं येतो, असं म्हणून मी जोर वाढावा म्हणून प्लगपान्याच्या दांड्यावर हातभर पाइप चढवला.

"आज ऱ्हाऊ द्या मिस्तरी," मामा म्हणाले. "भिजू द्या त्याला."

"तुमी गप बसा मामा. किती प्लग काढलेत म्या, ठाव हाय का?"

मी पाइपावर सगळं अंग टाकलं. हाताला एकदम मऊ लागलं आणि मला वाटलं, सुटला. सुटला नव्हता. प्लगाचं वरचं डोकं पान्यात आलं होतं, आट्यांचा भाग आतच राहिला होता. इथवर तरी सगळं गेलं नव्हतं. प्लग ज्यात बसतात ते इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, खोलून परळीला लेथवर नेलं असतं तर तुकडा निघाला असता, सोमवारही गाठता आला असता. पण टँकरवाला हसला. मी छिन्नी लावली आणि हातोडा घातला. चौथ्या ठोक्याला खड्ड्यापासून हेडच्या कडेपर्यंत तडा गेला. बोट फिरवलं तर नख अडकलं. त्या गाडीचं हेड बाजारात मिळेनासं होऊन कैक वर्षं झाली होती.

मामांनी तडा पाहिला आणि ते खाली बसले. तेवढ्यात संघाचा मॅनेजर मोटारसायकलवर आला. काय झालं, असं त्यानं मला विचारलं.

"नारळाच्या पाण्यानं कुजलंय सगळं," मी म्हणालो. "मामा दर दसऱ्याला इंजिनावर नारळ फोडायचे. नुसता हात लावला आन् गेलं."

यातली पहिली दोन वाक्यं खरी होती. तिसरं बोलताना मी पायाजवळची छिन्नी गोणपाटाखाली सारली. शरम वाटते, पण सारली.

मामांनी माझ्याकडं पाहिलं. पाइप, छिन्नी, हातोडा, सगळं त्यांच्यासमोर झालं होतं. आता हा माणूस बोलणार, म्हणून मी तोंडात उत्तर तयार ठेवलं. पण मामा तसे नव्हते. गाड्यांतलं मिस्तरीला कळतं, मिस्तरी म्हणतो म्हणजे तसंच असणार. नारळ नसता तर छिन्नीची पाळी आली नसती, असंच त्यांनी धरलं असावं.

"माझ्याच हातानं झालं म्हनायचं," ते म्हणाले.

गाडी भंगारात गेली. दिवाळी झाल्यावर ऊसतोडीच्या टोळीचा ट्रॅक्टर फाट्यावरून गेला. ट्रॉलीत पत्रे, भांडी, गोधड्या, आणि त्यावर मामा आणि त्यांची बायको. मी टँकरखाली होतो. बाहेर यायला मला काही अडचण नव्हती, पण आलो नाही.

गुढीपाडव्याला फाट्यावर एका नव्या टँकरची पूजा होती. मामांचा सीझन संपला होता, ते समोरच्या हॉटेलात चहा घेत होते. पाच महिन्यांत निम्मे झालेले, चालताना एका अंगावर कलणारे. टँकरच्या मालकानं बॉनेट उघडलं, इंजिनाला हळदीकुंकू वाहिलं आणि नारळ उचलला. मामा कप ठेवून जमेल तेवढ्या घाईनं आले आणि त्याचा हात धरला.

"इंजिनावर नगं," ते म्हणाले. "म्या फोडला व्हता. गाडी गेली आन् नोकरीबी गेली."

मालक हसला. पाणी लागून कुठं इंजिन जातं का, म्हणाला.

"खोटं वाटत आसंल तर मिस्तरीला इचारा."

सगळे माझ्याकडं वळले. मी दोन पावलांवर उभा होतो. सांगायचं असतं तर त्याच दिवशी सांगता आलं असतं.

"मामा म्हणत्यात ते खरं हाय," मी म्हणालो.

मालकानं नारळ चाकाशी फोडला. मामा माझ्याकडं बघत होते. चार लोकांत कुणीतरी आपल्या बाजूनं बोललं, म्हणून त्यांना केवढं बरं वाटलं होतं ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.