कलमी जेट आणि माझी लाल पट्टी

मी ज्या विमानाची देखभाल करते ते मूळचं जेट नाही, हे मला आजवर पन्नास जणांनी ऐकवलंय. तीसेक माणसांचं ते लहान विमान आधी पंख्याचं होतं. बनवणाऱ्यांनी धड तेच ठेवलं, फक्त पंखे काढून त्या जागी दोन जेट इंजिनं टांगली. मोठ्या विमानांवरची मंडळी त्याला 'कलमी जेट' म्हणतात. म्हणोत बापडे. आंबा कलमीच गोड लागतो, आणि पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरातून डिप्लोमा करून इथवर आलेली मीही त्यांच्या लेखी कलमीच.

माझे वडील, अप्पा, पूर्णेला रेल्वेत फिटर होते. इंजिनाखाली शिरण्याआधी ते आपली लाल पाटी इंजिनाला अडकवत; ती असेतोवर इंजिन कुणी हलवायचं नाही. ज्यानं लावली त्यानंच काढायची, मग साहेब येवो नाहीतर साहेबाचा साहेब. लहानपणी मला हा नुसता हट्ट वाटायचा. आमच्याकडे पाटीच्या जागी कापडी लाल पट्टी असते, एवढाच फरक.

गेल्या हिवाळ्यात सुट्टीवर निघताना मी हत्यारं मोजली, तर एक आरसा कमी. लांब दांड्याचा, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला. कामावरच्या माझ्या जोडीदारानं त्या दिवशी डावं इंजिन उघडून बंद केलं होतं. त्याची सारी हयात पंख्याच्या जुन्या विमानावर गेलेली. असेल इथंच कुठंतरी, म्हणाला. मी कॉकपिटमधल्या इंजिनाच्या दांड्याला माझी पट्टी बांधली, वहीत लिहिलं, पुढच्या पाळीच्या प्रमुखाला दाखवलं आणि गाडी पकडली.

सकाळी घरी धपाट्याचा पहिला घास घेते तोच मॅनेजरचा फोन. विमान भाड्यानं घेतलेले पाहुणे तयार आहेत, आरसा सापडत नाही, आणि इंजिन पुन्हा उघडायचं तर अर्धा दिवस जाणार. आरसा चुकून माझ्या बॅगेत आला एवढं मी म्हणावं, म्हणजे ते पट्टी काढतील. मी म्हटलं, बॅग उपडी करून पाहिली, आरसा नाही. त्यावर तो म्हणाला, तुझा जोडीदार याच विमानावर म्हातारा झाला, त्याला कळत नाही आणि तुला कळतं?

इथं माझं डोकं फिरलं. याच विमानावर कसा? धड तेच आहे, घसा वेगळा आहे. जेट समोर येईल ते गिळतं, आणि आतली पाती तुटली की वर आभाळात कुणाला हाका मारणार? मी हे बोलले. तो थंडपणे म्हणाला, मग तुझ्या नोकरीचाही विचार करावा लागेल.

फोनचा आवाज घरभर ऐकू जात होता. माय म्हणाली, "म्हण की बाई, आला म्हणून. एका आरशापायी नोकरी घालवतीस का?"

अप्पांनी ताट बाजूला सारलं. "तुजी पट्टी हाय ना त्याच्यावर?"

"हाय."

"मग हलत न्हाई ते."

मी फोनवर सांगितलं, "आरसा माझ्याकडे नाही. पट्टी माझी आहे. जो काढील त्यानं वहीत स्वतःचं नाव लिहावं आणि त्याच विमानात बसावं." आणि फोन ठेवला. धपाटं गार झालं होतं, तरी सगळं खाल्लं.

दुपारी जोडीदाराचा फोन आला. आवाज पार पडलेला. नाव लिहायला कुणी तयार होईना, म्हणून शेवटी इंजिन उघडलं होतं. जुन्या विमानात हत्यार टेकवायला जिथं कड असायची, तिथंच त्यानं सवयीनं आरसा टेकवला होता. जेटमध्ये तिथं कड नाही, इंजिनाचा घसा आहे; आरसा त्यातच आत पडलेला सापडला. तो रडायच्या बेतात होता. मला त्याचा राग आला नाही, मॅनेजरचा मात्र अजून येतो.

मॅनेजरनं संध्याकाळी फोन केला. माफीबिफी काही नाही. आरसा मिळाला, आता पट्टी काढू ना, एवढंच विचारलं.

"नको," मी म्हटलं. "सोमवारी मी येते."

सोमवारी विमान जागच्या जागी होतं. पट्टीची गाठही माझीच होती. मी पायऱ्या चढले तेव्हा दारातला मॅनेजर बाजूला सरकला.