कूलर, दुपट्टे आणि शेवटची मॅच

"मॅडम, बर्फातून धूर निघून राहिला," फोनवर ढोबळे ओरडत होता.

मी तळघरातल्या प्लांट रूममध्ये होते. तिथे सगळं व्यवस्थित होतं. कॉम्प्रेसर चालू, तापमान हवं तेवढं. बर्फातून धूर निघत नसतो, हे ढोबळेला फोनवर समजावण्यात अर्थ नव्हता. तो आमच्या स्टेडियमचा मॅनेजर. मनाने सोन्यासारखा, पण कामात भारी उत्साही, आणि अशा माणसांची मला धास्तीच असते. मी जिना चढून वर आले आणि जागच्या जागी थांबले.

अख्ख्या रिंकवर, म्हणजे खेळायच्या बर्फाच्या मैदानावर, धुकं साचलं होतं, खेळाडूंच्या छातीपर्यंत. प्रॅक्टिस करणारी मुलं छातीपासून वर तेवढी दिसत होती. रेफरी एका गोलपाशी उभा राहून पलीकडचा गोल शोधत होता.

"समोरचा गोल दिसल्याशिवाय मॅच नाही," तो मला म्हणाला. "अर्धा तास देतो."

मी रेफ्रिजरेशन इंजिनिअर. माझं आयुष्य संत्र्यांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये गेलं. नागपुरात आइस हॉकीची प्रोफेशनल टीम येईल आणि तिचा बर्फ मी सांभाळीन, असं कोणी म्हटलं असतं तर त्याला ऊन लागलंय असं समजून मी लिंबूपाणी दिलं असतं. तसं काम समजायला सोपं आहे. काँक्रीटच्या फरशीत पाइप असतात, त्यांतून शून्याच्या खाली थंड केलेलं खारं पाणी फिरतं. फरशीवर पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठवायचे. दोन बोटं जाडीचा बर्फ, पण नव्या जावयासारखा, कशावरून रुसेल सांगता येत नाही.

सीझनच्या सुरुवातीला लोक नुसती थंड हवा खायला यायचे. तिकीट काढायचे आणि खुर्चीत डुलक्या घ्यायचे. टीम हरत होती, कोणाला फरक पडत नव्हता. मग टीम जिंकायला लागली आणि सक्करदऱ्याची पोरं रबरी चकतीला 'पक' म्हणायला शिकली. आता ही लीगमधली आमची शेवटची मॅच होती. जिंकलो तर सेमीफायनल, हरलो तर सीझन खलास. सीझन संपला की प्लांट बंद करून बर्फ वितळवायचा, असा मालकांचा हुकूम होता. आणि बर्फ खेळण्याजोगा नसेल तर पॉइंट पाहुण्या टीमला, असा लीगचा नियम.

आमचा कॅप्टन स्टॅनझिन, लडाखचा गोलकीपर. त्याच्या गावी तलाव गोठला की खेळ सुरू आणि वितळला की बंद. महिनोन् महिने सलग बर्फ त्याला आयुष्यात पहिल्यांदा मिळाला तो नागपुरात, भर उन्हाळ्यात. त्याचे गुडघे कामातून गेले होते. या सीझननंतर खेळू नकोस, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मी वर आले तेव्हा तो कठड्याला टेकून धुक्याकडे बघत होता. मला म्हणाला, "मैडम, ये जाएगा ना?" मी हो म्हणाले. कशाच्या भरवशावर, ते मलाच माहीत नव्हतं.

धुकं म्हणजे ओल. बाहेर मे महिन्याची कोरडी रखरखीत हवा, मग ओल येणार कुठून? हवेतली ओल शोषणारं आमचं मशीनही चालू होतं. मी डोकं खाजवत असताना नाकाला वास आला. ओल्या वाळ्याचा.

त्या वासाच्या मागे गेटपर्यंत गेले. आत येण्याच्या पॅसेजमध्ये ओळीने मोठाले कूलर लावलेले, पाणी टपकतंय, पंखे घरघरताहेत, आणि तोंडं सगळी हॉलकडे.

"ढोबळे, हे काय आहे?"

"कूलर, मॅडम."

"ते दिसतंय मला. काहून लावले?"

"लोकं लाइनीत तापून राहिले होते ना. रामदासपेठेतले डॉक्टर लोक फॅमिली घेऊन आले. त्यायले असंच उभं ठेवाचं का? घरी पाहुणा आला तं माणूस आधी कूलरच लावते."

नागपुरात जन्मलेल्या कोणालाही हेच सुचलं असतं. पण कूलर हवा थंड करतो तो तिच्यात पाणी मिसळून. घरात ते छान. बर्फाच्या हॉलमध्ये तीच ओली हवा बर्फावर उतरते आणि तिचं धुकं होतं. मी सगळे प्लग उपटले, दारं लावून घेतली आणि ढोबळेला दारापाशीच उभं केलं.

पण आत साचलेलं धुकं मशीनला खायला रात्र लागली असती. ते थंड आणि जड, म्हणून खालीच बसून होतं. वरची हवा अजून कोरडी होती. दोन्ही हवा घुसळल्या तर ते विरलं असतं. पण एवढ्या मोठ्या रिंकवर हवा घुसळायची कशाने? मी कपाळ पुसायला गळ्यातला दुपट्टा ओढला आणि तो हातात घेऊन तशीच उभी राहिले. उन्हाळ्यात नागपूरकर दुपट्टा बांधल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. हॉलमध्ये जेवढी डोकी होती तेवढे दुपट्टे होते.

मी माझा स्टॅनझिनच्या हातात दिला. दोघादोघांनी टोकं धरायची, शिडासारखा फुगवायचा आणि जोरात गोल फिरायचं, सगळ्यांनी एकाच दिशेने. माइकवरून सांगताच दुपट्ट्यांचा ढीग पडला. खाप्याहून आलेल्या एक वयस्क बाई पायऱ्या उतरून माझ्याकडे आल्या.

"घे वं बाई, माहाही घे. मोठा आहे."

आमची पोरं फिरायला लागली. अर्धा रिंक मोकळा व्हायचा, तोवर उरलेल्या अर्ध्यातलं धुकं पुन्हा पसरायचं. माणसं कमी पडत होती. स्टॅनझिन एकटाच दुपट्टा ओढत होता; गुडघा धरून दोनदा थांबला आणि पुन्हा निघाला. रेफरी घड्याळ बघत होता.

पाहुणी टीम बाकावर बसून होती. त्यांनी नुसतं बसून राहायचं होतं, पॉइंट आपोआप मिळाले असते. आणि मग त्यांचा कॅप्टन उठला. कोचने त्याचा हात धरला, तो त्याने हळूच सोडवला. कठड्यावरून उडी मारून बर्फावर आला आणि स्टॅनझिनच्या दुपट्ट्याचं दुसरं टोक पकडलं. त्याच्यामागे त्यांची अख्खी टीम उतरली.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. दोन्ही टीम एका वर्तुळात, पांढरे दुपट्टे फुगलेले, आणि धुकं खालून सुटून दिव्यांकडे चढतंय. नागपूरचं पब्लिक, जे सिनेमातही गप्प बसत नाही, ते गप्प होतं. स्केट्सच्या पात्यांचा तेवढा आवाज. मी आयुष्यभर थंडी तयार केली, पण असं काही पाहिलं नव्हतं. शेजारी ढोबळे दार सोडून येऊन उभा होता. त्याला रागावायचं मी विसरले.

समोरचा गोल दिसला. रेफरीने शिट्टी मारली.

आम्ही हरलो, एका गोलने. तो गोल पाहुण्यांच्या त्याच कॅप्टनने मारला आणि बॉल नव्हे, पक आहे हे आता माहीत असलेल्या पब्लिकने त्याच्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या. दुपट्टे ज्याचे त्याला गेले, काही भलत्याला गेले. माझा त्या कॅप्टनच्या डोक्याला होता, इथल्यासारखाच घट्ट बांधलेला. बाहेर ऊन होतं, मी मागितला नाही.

हॉल रिकामा झाल्यावर मी स्विचपाशी गेले, पण स्टॅनझिन अजून बर्फावर होता. त्याने सावकाश एक पूर्ण फेरी मारली, आपल्या गोलपाशी वाकून बर्फावर हात टेकवला आणि बाहेर आला.

"मैडम, अब बंद कर दो," तो म्हणाला.

मी प्लांट बंद केला.

या धंद्यात नवीन येणाऱ्यांना मी दोनच गोष्टी सांगते. ओल कुठून येते ते आधी नाकाने शोधा, मशीन नंतर बघा. आणि पाहुण्यांसाठी कूलर लावायचाच असेल, तर त्याचं तोंड रस्त्याकडे करा.