आवाजबंद केबिन

माझी मावशी बारा वर्षं चाकांवर राहिली. भाड्याचं घर सोडलं, कपाटं-भांडी बहिणींमध्ये वाटून टाकली आणि काकांना घेऊन एका लांबलचक जुन्या व्हॅनमध्ये संसार थाटला. माझ्या आईला, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीला, हे काही केल्या पटत नव्हतं.

"डबड्यात राहणार? आणि पाहुणा आला तर बसवणार कुठे, बॉनेटवर?"

"पाहुण्यांकडे आम्हीच जाणार आहोत," मावशी म्हणाली.

ती एका मोठ्या इस्पितळात कान तपासायच्या विभागात एकोणीस वर्षं होती. काका तिथलीच रुग्णवाहिका चालवायचे. लांबलांबची म्हातारी माणसं दोन-दोन बस बदलून तपासणीला यायची. कानातलं यंत्र मिळालं तरी ते नीट बसवून घ्यायला परत यायचं त्यांच्या जिवावर यायचं. यंत्र मग घरात कुठल्यातरी खणात पडून राहायचं. मावशीला ते सहन होत नसे. आपणच त्यांच्या दारात का जाऊ नये, या एका विचारावर तिनं नोकरी सोडली, आणि काकांनी तिच्या मागोमाग.

त्यांची ती 'घरगाडी' मी पुष्कळदा पाहिली. पुढे काकांची सीट, तिच्यामागे दोन शेगड्यांचा ओटा, मग एक टेबल. दिवसा त्यावर मावशीचं यंत्र असे, आणि रात्री तेच टेबल खाली पाडून त्यावर गाद्या टाकल्या की पलंग. गाडीचा मागचा भाग म्हणजे केबिन. चार बोटं जाड भिंती, फ्रिजसारखं रबरी पट्टीचं दार, आणि मावशीच्या टेबलाकडे उघडणारी एक छोटी दुहेरी काच. बाहेरचं काही दिसायची सोय नव्हती. आत एक खुर्ची, हेडफोन आणि वायरीच्या टोकाला एक बटण. दार लागलं की आपलाच श्वास मोठा वाटायला लागायचा.

भांडण झालं तर दुसऱ्या खोलीत निघून जायला दुसरी खोलीच नव्हती. मग काका केबिनमध्ये शिरून दार ओढून घेत. मावशी बाहेरून बोलत राही. दोघांचंही समाधान होई.

असा त्यांचा छान चाललेला धंदा. गावोगावची माणसं तिला 'कानवाल्या बाई' म्हणून ओळखायची. कुठल्या शाळेच्या मैदानात सावली आहे, कुठे पाणी भरायला मिळतं, कुठला पहारेकरी कटकट करतो, हे सगळं काकांच्या डोक्यात पक्कं होतं.

बाराव्या वर्षी त्यांना खडी फोडायच्या एका कारखान्याकडून बोलावणं आलं. कारखाना आणि त्याच्याभोवती कामगारांची वस्ती. यंत्रं दिवसरात्र चालायची. तीस-चाळीस वर्षांत ती एकदाही बंद झालेली नव्हती असं तिथले लोक अभिमानानं सांगत. जमीन सतत थरथरायची. गाडी सपाट उभी आहे का हे बघायला काका नेहमी ओट्यावर पाण्यानं भरलेला पेला ठेवत. त्या पेल्यातल्या पाण्यावर तिथे एकसारखी बारीक वलयं उठत राहिली. वस्तीतली माणसं प्रेमाचं बोलणंसुद्धा ओरडून करायची. कामगार संघटनेनं सगळ्यांचे कान तपासून घ्यायचं ठरवलं होतं. जुन्या वजनकाट्याच्या मैदानात काकांनी गाडी लावली.

पहिला आला एक निवृत्त मिस्त्री. मावशीनं त्याला खुर्चीत बसवलं, हेडफोन चढवले, बटण हातात दिलं आणि रोजचं वाक्य सांगितलं, "कितीही बारीक आवाज आला, नुसता आल्यासारखा वाटला, तरी दाबायचं."

दार लावून ती यंत्रापाशी बसली. आतल्या माणसानं बटण दाबलं की तिच्यासमोर एक छोटा हिरवा दिवा लागायचा. मिस्त्रीचे कान अपेक्षेप्रमाणे बरेच गेलेले होते. पण ती एकही आवाज सोडत नसताना मध्येच दिवा लागला. तीनदा पाठोपाठ, मग जरा थांबून एकदा. कान वाजत असतील, असं तिनं कागदावर लिहिलं. पुष्कळांचे वाजतात.

दुसऱ्या आल्या वस्तीच्या शाळेतल्या बाई. त्यांचंही तसंच. तीनदा, मग एकदा. तिसरा कँटीनवाला. तो बसला असताना मावशीनं यंत्रातून हेडफोनची वायरच उपटून हातात धरली. हिरवा दिवा लागतच राहिला. तीनदा, मग एकदा.

तिनं दार उघडलं. "काय ऐकू येतंय तुम्हाला?"

कँटीनवाला गोंधळला. "तुम्हीच हाक मारताय ना?"

"कोणाला?"

"मला. माझ्या नावानं."

"आवाज बाईचा की पुरुषाचा?"

त्यानं पुष्कळ विचार केला. मग म्हणाला, "आपल्या माणसाचा."

"आणि येतोय कुठून?"

त्यानं सरळ हात उचलून केबिनच्या मागच्या उजव्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. जेवणाच्या वेळेपर्यंत आणखी चौघांनी त्याच कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

दुपारी ऊन ओट्याच्या बाजूला आलं म्हणून काकांनी गाडी वळवून लावली. मावशीच्या ते लक्षातही नव्हतं. दुपारी आलेली पहिली बाई पुढच्या डाव्या कोपऱ्याकडे बोट दाखवायला लागली तेव्हा मावशीला वाटलं, चला, निदान यात तरी फरक आहे. मग एकदम तिला आठवलं. ती खाली उतरली, उन्हात उभी राहिली आणि सकाळी गाडी कशी होती ते मनात मांडून पाहिलं. दिशा तीच होती. कारखान्याच्या मागून एक रस्ता मोकळ्या माळावर जात होता, त्या बाजूची. बंद खोलीत बसलेल्या त्या बाईला गाडी वळल्याचं कळायला काहीही मार्ग नव्हता.

"जमिनीचे हादरे एका बाजूनं जास्त येत असतील," काका चहा गाळता गाळता म्हणाले.

"हादरे माणसाला नावानं बोलावतात का हो?"

काका एरवी अशा बोलण्यावर हसले असते. त्या वेळी त्यांनी नुसता चहाचा पेला पुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीनं पडदा सरकवला तर मैदानात रांग लागलेली. त्यात तरुण होते, ज्यांना काही कमी ऐकू येत नव्हतं असे होते. वस्तीचा न्हावी दुकान बंद करून आला होता. एक म्हातारी स्वच्छ न्हाऊन, इस्त्रीचं लुगडं नेसून, केसांना तेल लावून आली होती. तिला पाहून मावशीला वाटलं, ही बहुतेक कुणाला भेटायला निघाली आहे.

"आजी, कान तपासायचेत ना?"

"कान नको बाई. नुसतं बसू दे थोडा वेळ."

सगळ्यांचं हेच. नुसतं बसू द्या. कुणी पाच मिनिटं बसलं, कुणी दहा. मावशी म्हणाली, कुणी घाबरून बाहेर आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ते घाबरत नव्हते. बाहेर येताना त्यांच्या तोंडावर लाजल्यासारखं बारीक हसू असायचं. आणि रांगेतले लोक, जे नेहमी ओरडून बोलत, ते अगदी गप्प उभे होते. कोणी कोणाला विचारत नव्हतं, आत काय होतं म्हणून.

ती रोज सकाळी यंत्राची चाचणी घ्यायला स्वतः पाच मिनिटं केबिनमध्ये बसायची. त्या दिवशी मध्येच काम थांबवून ती पुन्हा जाऊन बसली. हेडफोन काढून ठेवले. डोळे मिटले. स्वतःचा श्वास, मानेतल्या शिरेचे ठोके, बाकी काही नाही. ती बाहेर आली तेव्हा रांगेतली माणसं तिच्याकडे पाहत होती. त्या इस्त्रीचं लुगडं नेसलेल्या म्हातारीनं तिच्या दंडावर हात ठेवला. एवढंच केलं तिनं, पण मावशीला तो हात पुढे कित्येक दिवस आठवत राहिला.

तिसऱ्या दिवशी रांग नव्हती. मैदान रिकामं. थोड्या वेळानं मिस्त्रीची सून अनवाणी धावत आली.

"सासरे इथे आलेत का? चहा अर्धा ठेवून उठले. मी विचारलं कुठे निघालात, तर म्हणाले, आलोच."

तेवढ्यात न्हाव्याचा भाऊ आला. मग शाळेतल्या बाईंचा नवरा. एकेक करत कळलं, सकाळपासून नऊ माणसं घरातून निघून गेली होती. कोणी भांडलं नव्हतं, पिशवी घेतली नव्हती. सगळ्यांनी घरच्यांना तेच सांगितलं होतं. आलोच.

मावशीनं कुणाला दिशा विचारली नाही. तिनं मिस्त्रीच्या सुनेला गाडीत घेतलं आणि काकांना म्हणाली, "माळाच्या रस्त्यानं घ्या."

पाच-सहा किलोमीटरवर ते दिसले. तिथे काहीही नव्हतं. झाड नाही, घर नाही, सपाट जमीन आणि खुरटं गवत. कारखान्याचा आवाज मागे राहिलेला. नऊ माणसं त्या माळावर एकमेकांपासून बऱ्याच अंतरावर, वेगवेगळी उभी होती. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. बसची वाट पाहत उभं राहावं तसं, जरा मान वर करून.

सुनेनं मिस्त्रीचा हात धरला. तो लगेच वळला आणि निमूटपणे चालायला लागला. पाय दुखतात म्हणाला. पाणी मागितलं. शाळेतल्या बाईंनी आपल्याला उशीर झाला का असं विचारलं. कोणी हट्ट केला नाही, रडलं नाही. हात धरला की माणूस येत होता. हात धरेपर्यंत मात्र, कितीही ओरडलं तरी, एकही वळून पाहत नव्हता. न्हाव्याला तर कानांचा काहीच त्रास नव्हता.

काका आणि मावशी दोन बाजूंनी एकेकाला आणत होते. आठ जण गाडीत बसले. नववी ती म्हातारी, सगळ्यात लांब. काका तिच्याकडे गेले होते. मावशी पायरीवर उभी राहून वाट पाहत होती. बराच वेळ कोणी येईना म्हणून ती गाडीच्या पलीकडे जाऊन पाहते तर म्हातारी उभी होती, आणि तिच्यापासून पंचवीस-तीस पावलांवर काका उभे होते. पाठमोरे. मान जरा वर.

"अहो!"

काकांनी वळून पाहिलं नाही.

"अहो, ऐकलंत का!"

मावशी सांगते, तेवढं अंतर चालायला मला आयुष्यात कधी इतका वेळ लागला नाही. तिनं काकांचा हात धरला. तो गार होता आणि त्याचा अंगठा हलत होता. तीनदा, मग थांबून एकदा. बटण दाबावं तसा. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं, ओळखलं आणि तेच लाजरं हसू हसले.

"तुम्ही कधी बसलात केबिनमध्ये?"

"पहिल्याच दिवशी. तू पाणी भरायला गेली होतीस तेव्हा."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला नाही ना ऐकू आलं," काका म्हणाले. "तुला वाईट वाटलं असतं."

त्यांचा हात न सोडता ती तिथे उभी राहिली. त्या माळावर तर केबिनपेक्षाही शांत होतं. तिनंही मान वर केली. एकोणीस वर्षं इस्पितळात आणि बारा वर्षं रस्त्यावर लोकांचे कान तपासले. तिचे स्वतःचे कान पन्नाशीतही विशीतल्या मुलीसारखे होते. तिनं जीव कानात आणून ऐकलं. गवतातून वारा जात होता. शेवटी म्हातारीनंच येऊन दोघांना म्हटलं, "चला, आज नाही येत वाटतं."

परत जाताना गाडी मावशीनं चालवली. एवढं मोठं वाहन तिनं त्याआधी कधी हातात घेतलं नव्हतं. नऊ जणांना घरी सोडलं. संघटनेच्या माणसाला, यंत्र बिघडलंय, एवढंच सांगितलं. त्याला ते पटलं की नाही माहीत नाही, पण पुन्हा बोलावणं आलं नाही. नंतर मिस्त्रीच्या सुनेचं पत्र आलं. सगळे ठीक आहेत, सासरे दाराला कडी असली की मुकाट्यानं बसतात, कडी काढली की चपला शोधतात.

त्यानंतर सहा महिन्यांत त्यांनी घरगाडी विकली. काका नेहमीच्या रस्त्यांनी नीट चालवायचे, पण एखाद्या फाट्यावर विनाकारण गाडी हळू करायचे. एकदा चांगले वीस किलोमीटर भलत्याच वाटेला गेले आणि विचारल्यावर म्हणाले, "इकडूनही जाता येतं." आता ते एका चाळवजा इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतात. आई खूश आहे. काकांची तब्येत उत्तम, वजन वाढलंय, पत्ते खेळायला खालच्या मजल्यावर जातात. फक्त मावशीनं स्वयंपाकघरातून हाक मारली की ते आधी खिडकीकडे पाहतात, आणि मग तिच्याकडे. त्यांनी आपली खुर्ची त्या खिडकीकडे तोंड करून ठेवली आहे. मावशीनं ती कधी हलवली नाही.

गाडी विकताना मावशीनं केबिन मात्र काढून घेतली. मागच्या खोलीत ती कशीबशी बसवली आहे. आजूबाजूची माणसं कान तपासायला येतात म्हणून, असं ती सांगते. येतातही कधीमधी.

परवा मी गेले तेव्हा दार काकांनी उघडलं. "बस," ते म्हणाले, "ती आत आहे. आजकाल जरा जास्त वेळ लागतो."

मी मागच्या खोलीत डोकावले. दुहेरी काचेतून मावशी दिसली. हेडफोन बाजूला काढून ठेवलेले, डोळे मिटलेले, बटण मांडीवर दोन्ही हातांत धरलेलं. टेबलावरचा हिरवा दिवा विझलेला होता. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. काचेवर टकटक करायला हात उचलला, पण का कोणास ठाऊक, केली नाही. मी बाहेर काकांजवळ येऊन बसले. त्यांनी मला चहा ओतून दिला आणि स्वतः खिडकीकडे पाहत बसले.

बऱ्याच वेळानं केबिनचं दार उघडल्याचा आवाज आला. मावशी बाहेर आली आणि मला पाहून चांगलीच दचकली.

"अगं, तू कधी आलीस? हाक तरी मारायचीस!"